भट्टीवरच्यांना कुणी विचारलं?

पहिल्या सत्राच्या पेपरात बाईंनी सातवीला एक प्रश्न घातला होता : 'तुमच्या गावात पाण्यावरून दोन गटांत भांडण झाले, तर ते तुम्ही कसे मिटवाल?' गुण पाच. वर्गात तेवीस मुलं. त्यातल्या एकवीस जणांनी जवळपास एकच उत्तर लिहिलं. दोन्ही गटांना एकत्र बोलावू, सामोपचाराने चर्चा करू, पाणी हेच जीवन आहे हे पटवून देऊ, एकीचे महत्त्व सांगू. वैष्णवीचं उत्तर सगळ्यांत सरस होतं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाने पान कोरं ठेवलं. आणि गणेशने एकाच ओळीत लिहिलं होतं, 'ज्याने नळाला मोटर लावली त्याची मोटर काढून फेकून देऊ.' त्याला अर्धा गुण मिळाला, तोही शाई खर्च केल्याबद्दल दिल्यासारखा.

गाव पुरंदर तालुक्यातलं. पर्जन्यछायेतला मुलूख. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात. गावाचे दोन भाग : टेकाडावरची वरची आळी आणि ओढ्याकाठची वाडी. ओढ्यालगत सार्वजनिक विहीर, तिचं पाणी टाकीत चढवायचं आणि टाकीतून नळाला सोडायचं. पाणी सोडणाऱ्या काकांच्या हातात व्हॉल्व्हची चावी. पाऊसकाळ बरा झाला, तर संक्रांतीपर्यंत कुणाची तक्रार नसते. माघ लागला की विहिरीची पातळी उतरते आणि पाण्याबरोबर माणसांचे आवाजही बदलतात.

त्या वर्षी फेब्रुवारीत ते झालं. पाणी सुटलं की वाडीतल्या काही घरांत नळाला मोटर लागायची. मोटर पाइपातलं पाणी ओढून घेते, आणि टेकाडावरच्या नळाला करंगळीएवढी धारही उरत नाही. आळीतले दोघे एका सकाळी तावातावाने खाली आले, एका अंगणातली मोटर उचलली आणि ओढ्यात टाकली. शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली, पोलीस ठाण्यात तक्रार गेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी आहे. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात ही मोहीम सुरू झाली, त्यानंतर गावाने खरोखर मेहनत घेऊन ती पाटी लावली होती. बांधाचे, भाऊबंदकीचे कितीतरी तंटे समितीने गावातच मिटवले होते. पण या वेळी समितीतले चौघे आळीचे आणि तिघे वाडीचे, आणि एकमेकांच्या ओट्यावर जायला कुणीच तयार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या तेव्हा आळीची मुलं खिडकीकडे बसली होती आणि वाडीची दाराकडे. मधली पट्टी रिकामी. दुपारी खिचडीच्या पंगतीतही तसंच. सामोपचाराने चर्चा करू असं लिहिणारी हीच एकवीस मुलं होती. ओंकार वाडीच्या मुलांना 'पाणीचोर' म्हणाला आणि गणेशने त्याच्या कानाखाली लगावली. बाईंनी दोघांना वेगळं केलं आणि घरी जाऊन पेपरांचा गठ्ठा पुन्हा उघडला. साडेचार, पाच, पाच, साडेचार. त्या गुणांवरून बाईंना आपल्या मुलांबद्दल काहीही कळलेलं नव्हतं. मुलांना उत्तर येत होतं, एवढंच त्यातून कळत होतं.

सातवीच्या मूल्यमापनात 60 गुण संकलित चाचणीचे असतात आणि 40 आकारिकचे. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं : रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प. बाईंनी ठरवलं, या वेळचा प्रकल्प पाण्याचा. मुख्याध्यापक ऐकून घाबरले, आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. "बाई, गावाच्या भांडणात शाळा नको. उद्या पालक इथे दारात येऊन बसतील." मग दोघांनी बसून बंधनं ठरवली. मुलं जोडीने जातील, एक आळीचं आणि एक वाडीचं. फक्त विचारतील, कोण बरोबर, कोण चूक हे कुणाच्या दारात बोलणार नाहीत. ज्या घरांची पोलिसात तक्रार आहे तिथे जाणार नाहीत. सरपंचांना आणि पालकांना आधी सांगितलं जाईल. या बंधनांशिवाय हे काम करायला मुख्याध्यापकांनी संमती दिली नसती, आणि देऊही नये.

पहिला आठवडा मोजमापाचा होता. शाळेची पंधरा लिटरची स्टीलची बादली, बाईंचा मोबाइल आणि नळ. पाणी सुटलेल्या वेळात मुलं नळानळावर गेली. वाडीतल्या पहिल्या नळाला बादली एका मिनिटाच्या आत भरली. मोटर लावलेल्या नळाला त्याच्याही निम्म्या वेळात. आळीच्या टोकाच्या नळाला अकरा मिनिटं लागली, आणि मध्ये दोनदा धार तुटली. वैष्णवीने रंगीत पेन्सिलींनी तक्ता केला. आळीची मुलं खूश. "बघा बाई, झालं सिद्ध!" मधल्या सुट्टीत तो तक्ता भिंतीवरून फाडलेला सापडला. कुणी फाडला, हे बाईंनी विचारलं नाही. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता आणि तरीही भांडण वाढलं होतं. आकड्यांनी धार किती ते सांगितलं होतं. मोटर का लागते, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग बाईंनी जी परीक्षा घेतली, तशी त्या शाळेत कधी झाली नव्हती. आळीच्या मुलांनी वाडीची तक्रार सांगायची, वाडीच्या मुलांनी आळीची. सांगायची कुणासमोर? ज्याची तक्रार आहे त्याच माणसासमोर. तो माणूस 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेल तेव्हा उत्तर बरोबर. तोवर पुन्हा विचारायचं, पुन्हा सांगायचं. तपासणार तक्रारदार, बाई नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वाडीतल्या तीन बायका आणि आळीतल्या दोन आज्या वर्गात येऊन बसल्या. त्यांना तिथवर आणायला बाईंना घरोघर जावं लागलं होतं.

वैष्णवी उभी राहिली. समोर वाडीतल्या सुशीलामावशी, ज्यांच्याकडे मोटर आहे.

"यांना पाणी जास्त लागतं, म्हणून मोटर लावतात," वैष्णवी म्हणाली.

"नाही गं बाळा," मावशी म्हणाल्या.

"यांना थांबायला वेळ नसतो, म्हणून."

"कशाला वेळ नसतो, ते सांग की."

वैष्णवी गप्प झाली. तिला ते माहीतच नव्हतं. अख्ख्या सत्रात ती पहिल्यांदा एखाद्या प्रश्नाला अडली होती. मग तिने विचारलं, "मावशी, तुम्ही सकाळी कुठे जाता?"

मावशींनी सांगितलं. पाणी सुटतं साडेसहाला. कांदा काढणीला बायकांना नेणारा टेम्पो फाट्यावर येतो सातला. पाच मिनिटं उशीर झाला तर टेम्पो निघून जातो आणि दिवसाचा रोज बुडतो. घरात दोन लहान मुली, म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली. मोटर लावली तर दहा मिनिटांत टाकी भरते, नाही लावली तर अर्धा तास जातो. "मला काय हौस आहे व्हय मोटरीची? लाइटबिल मीच भरते."

वैष्णवीने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी टेम्पो, सासू, बुडणारा रोज, सगळं क्रमाने आलं, आणि शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य जोडलं : "पाणी संध्याकाळी आलं असतं, तर त्यांनी मोटर घेतलीच नसती." मावशी म्हणाल्या, "हो. हेच."

आळीच्या आजींची बाजू सांगायला वाडीचा सोहम होता. त्याने धार बारीक येते, बादलीला अकरा मिनिटं लागतात, असं आकड्यांनिशी सांगितलं. आजींनी मान हलवली. "धारेचं नव्हे रे. धार काय, माझ्या लग्नापासून बारीकच." मग हळूहळू निघालं. मागच्या उन्हाळ्यात आजोबांचा दहावा होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, नळ कोरडा. सून वाडीत दोन कळश्या मागायला गेली आणि वाडीतून रिकाम्या कळश्या घेऊन परत आली. ते आजींच्या मनात सलत होतं. सोहमने तो दहावा, त्या कळश्या, सुनेने परत येऊन काय केलं, हे सगळं सांगितलं तेव्हा कुठे आजी 'हो' म्हणाल्या. पाण्याच्या भांडणात पाण्याइतकंच हेही असतं, आणि जे मूल हे ऐकून घेतं त्याला भांडण कळलं असं मानायला हरकत नाही. एरवी त्याला फक्त भांडणाचं नाव माहीत असतं.

गणेशला हे जमलं नाही. त्याला आळीच्या दुसऱ्या आजींची बाजू सांगायची होती. पहिल्यांदा तो म्हणाला, "यांना आमचं बरं बघवत नाही." आजी म्हणाल्या, नाही. दुसऱ्यांदा तेच वेगळ्या शब्दांत. आजी पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने पाय आपटला आणि वर्गाबाहेर निघून गेला.

सोमवारी मुलांनी फळ्यावर तोडगा लिहिला. वाडीला पाणी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे कामावरून परतलेल्या बायकांना मिळेल. आळीला सकाळी, आणि त्या वेळात वाडीकडचा व्हॉल्व्ह बंद, म्हणजे मोटरीचा प्रश्नच राहत नाही. आणि वाडीच्या खालच्या व्हॉल्व्हच्या चेंबरमधून जी गळती होते, ती आधी दुरुस्त करायची. रोजचं एवढं पाणी फुकट जातंय. गळतीवर तर आळी आणि वाडी यांचं पहिल्या मिनिटात एकमत झालं. खिडकीकडची आणि दाराकडची मुलं प्रथमच एका सुरात 'हो' म्हणाली. बाईंनाही वाटलं, जमलं.

मागच्या बाकावरून गणेशचा आवाज आला. "भट्टीवरच्यांना कुणी विचारलं?"

कुणाला आधी कळेना. ओढ्यापलीकडे वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर बाहेरगावची मजूर कुटुंबं येतात, पालं ठोकून राहतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. गणेश रोज पहाटे सायकलवरून तिथे दुधाची पिशवी टाकतो. "त्या चेंबरच्या गळतीवरच त्यांच्या बाया कळश्या भरतात. पहाटे चारला लाइन असते. गळती बंद केल्यावर त्यांनी कुठं जायचं?"

वर्ग शांत झाला. दोन्ही बाजूंना मान्य असलेला, सगळ्यांत सोपा मुद्दाच तिसऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणारा निघाला. आणि भट्टीवरची दोन मुलं याच शाळेत, तिसरीच्या वर्गात बसत होती. त्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं आणि मुलांना त्यांच्याच तालुक्याची गोष्ट सांगितली. 1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे नावाचे एक अभियंते, उद्योजक माणूस पुरंदरचे हाल बघून हलले. 1974 मध्ये त्यांनी नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन भाड्याने घेतली, पाणी अडवलं, मुरवलं आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम त्या काळी लोकांना वेडेपणाचे वाटले असतील. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच सगळ्यांचं पाणी पितो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा. मुलं या शेवटच्या नियमावर थांबली. जमीन नाही तर तो पाणी घेऊन काय करणार, असं ओंकारने विचारलं. बाई म्हणाल्या, कुणाची तरी जमीन वाट्याने करील. पण पाणी वाटताना त्याचं नाव यादीत असेल. ओंकारने मग फळ्यावर आळी आणि वाडीच्या खाली तिसरी ओळ लिहिली : भट्टी.

दुसऱ्या दिवशी गणेश आणि वैष्णवी पालांकडे गेले, बाई सोबत होत्या. तिथल्या बायकांचं म्हणणं थोडकं होतं. फुकट नको, चोरून तर नकोच. पहाटे चारला उठून अंधारात ओढा ओलांडावा लागतो, एकदा एक पोर घसरून पडलं. एक नळ आणि एक ठरलेली वेळ मिळाली तर बरं. आणि तिथून कुणी हुसकावू नये. वैष्णवीने ते लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. एक बाई म्हणाली, "हुसकावू नये, हे आधी लिहा." वैष्णवीने क्रम बदलला.

8 मार्चला महिला ग्रामसभा होती. मुलांनी तिथे तोडगा वाचला. सांगणारी जोडी प्रत्येक मुद्द्याला आळीचं एक आणि वाडीचं एक. सभेत तासभर वाद झाला. भट्टीला नळ कशाला, ती काय गावची माणसं आहेत, असंही कुणी बोललं. त्यावर सुशीलामावशी उठून म्हणाल्या की टेम्पोने परगावी कांदा काढायला गेल्यावर तिथल्या विहिरीवर आम्हीही परकेच असतो. शेवटी वेळा बदलल्या, गळती दुरुस्त करायचं ठरलं आणि चेंबरपाशी एक सार्वजनिक नळ मंजूर झाला, रोज तासभर. पाइपाचा खर्च भट्टीमालकाने द्यायचा. पाणी सोडणाऱ्या काकांना दिवसातून दोनदा जास्त खेप पडणार होती. त्यांचं मानधन वाढवा, हा मुद्दा सोहमने काढला, आणि तो मात्र 'पुढच्या सभेत बघू' म्हणून राहिला.

ओढ्यात टाकलेल्या मोटरीची भरपाई द्यायला ते दोघे तयार झाले नाहीत. ती तक्रार तशीच चालू राहिली.

तीन आठवड्यांनी मुलं पुन्हा बादली घेऊन निघाली. बाईंच्या मते प्रकल्पाचा हाच खरा भाग होता. ठरलेलं ठरल्यासारखं चाललंय का, हे बघायला एरवी कुणी जात नाही. तंटा मिटल्याचा फोटो निघाला की सगळे घरी जातात. आळीच्या टोकाला बादली आता तीन मिनिटांत भरत होती. भट्टीच्या नळावर चार बायका निवांत बोलत उभ्या होत्या. पण दोन घरांत मोटर पुन्हा लागलेली दिसली. एक वाडीचं. दुसरं आळीचं, थेट वैष्णवीच्या चुलत्यांचं. सकाळी वाडीचा व्हॉल्व्ह बंद असतो, मग आळीतल्याच कुणीतरी मोटर लावून शेजाऱ्यांचं पाणी ओढायला सुरुवात केली होती.

सोबतचा सोहम काही बोलला नाही. वैष्णवीने थोडा वेळ पेन्सिल तशीच धरली. मग तक्त्यात घर क्रमांक लिहिला, वेळ लिहिली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं : मोटर. घरी गेल्यावर तिला बोलणी बसली. तिने तो तक्ता दुसऱ्या दिवशी सगळ्यांसोबत भिंतीवर लावला. या वेळी तो कुणी फाडला नाही.

वर्षाच्या शेवटी केंद्रप्रमुख शाळेत आले. गावात या प्रकल्पाची चर्चा झाली होती, ते कौतुकाने म्हणाले, "मुलांनी भांडण मिटवलं! सगळ्यांना पैकीच्या पैकी द्या बाई." बाईंनी नकार दिला. भांडण मिटलं की नाही याचे गुण त्यांनी ठेवलेच नव्हते. ते मोठ्यांच्या हातात होतं, मुलांच्या नव्हे, आणि ते पुरतं मिटलंही नव्हतं. त्यांनी वर्णनात्मक नोंदींची वही पुढे केली.

वैष्णवीच्या नावापुढे लिहिलं होतं : 'समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे सांगते. स्वतःच्या घराविरुद्ध जाणारी नोंद लपवत नाही.' सोहमपुढे : 'जुनी दुखणी धीराने ऐकून घेतो. कामाचा बोजा कोणावर पडतो हे त्याच्या लक्षात येते.' ओंकारपुढे : 'पटकन दोष देतो, पटले तर मत बदलतो.' गणेशपुढची नोंद सगळ्यांत मोठी होती : 'ज्याला कोणी विचारले नाही तो याला सर्वांआधी दिसतो. राग आवरत नाही, हात उगारतो. विरुद्ध बाजूचे ऐकून घेणे अजून जमत नाही. पुढील वर्षी यावर काम हवे.' केंद्रप्रमुखांनी ती नोंद दोनदा वाचली आणि विचारलं, मग याला गुण किती? बाईंनी दहापैकी सहा दिले होते. चार कशाचे कापले हे त्यांनी गणेशला समोर बसवून सांगितलं होतं, आणि सहा कशाचे दिले हेही.

सातवी संपली. मुलं आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला जाऊ लागली, त्यांच्याबद्दलच्या नोंदी बाईंनी त्या शाळेतल्या शिक्षकांकडे पाठवल्या. गणेशच्या नोंदीतली शेवटची ओळ तिथल्या कुणीतरी वाचावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील, तर त्यांना एक सांगणं आहे. मुलांना मोठ्यांच्या भांडणात न्याय करायला बसवू नका. जिथे मारामारीची, जातीची, पोलिसांची आग लागली आहे तिथे तर पाठवूच नका. नळ, रस्ता, खेळायचं मैदान, कचऱ्याची जागा, एवढ्यावरही एका वर्षाचं काम निघतं. आणि कुणी पालक, कुणी आजी-आजोबा हे वाचत असतील, तर त्यांना विनंती : शाळेतली पोरं वही-पेन्सिल घेऊन दारात आली आणि 'तुमचं म्हणणं काय आहे?' असं विचारू लागली, तर त्यांना उभ्या उभ्या परत पाठवू नका. बसायला सांगा, पाणी द्या, आणि विचारतील ते खरं सांगा.